कापड कोणासाठी? : फाळणी, विस्थापन आणि दक्षिण आशियातील वस्त्रपरंपरा

देशांतर आणि वस्त्रकला यांचा संबंध मांडताना विवेचनाची सुरुवात बहुधा कारागिराच्या हातापासून होते. घर गेले, जमीन गेली, पण हातातली कला कोणाला हिरावून घेता आली नाही, अशा आशयाचे उद्गार निर्वासितांच्या पुनर्वसनावरील लेखनापासून प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांपर्यंत सर्वत्र आढळतात. ते खोटे नाहीत, अपुरे मात्र आहेत. कापड एकट्या हाताने घडत नाही; त्याला ठरावीक जातीचे सूत लागते, ठरावीक गुणाचे पाणी लागते, आणि ते कापड कोण, कोणत्या प्रसंगी, कोणाला देणार हे न सांगता जाणणारे गिऱ्हाईक लागते. १९४७ ची फाळणी आणि त्यानंतरची १९६५ व १९७१ ची युद्धे यांनी उपखंडात जे विस्थापन घडवले, त्यात हात सरहद्दीच्या एका बाजूला आणि गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला, अशी ताटातूट ठिकठिकाणी झाली. म्हणून वस्त्रपरंपरेतील बदल नक्षीत किंवा रंगात शोधण्याआधी ते वस्त्र आता कोणासाठी बनते, या प्रश्नाच्या उत्तरात शोधला पाहिजे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. कारण नक्षी पुष्कळदा होती तशीच राहते आणि तिच्यामागचे प्रयोजन मात्र पार पालटलेले असते.

विणकरांचे स्थलांतर ही विसाव्या शतकाने आणलेली गोष्ट नव्हे. मध्य प्रदेशातील मंदसोर येथील, वत्सभट्टीने रचलेल्या इ. स. ४७३ च्या संस्कृत शिलालेखात लाट देशातून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेतून, दशपुरात, म्हणजे मंदसोरलाच, आलेल्या रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीची हकीकत आहे. श्रेणी म्हणजे एकाच व्यवसायातील लोकांचा संघ. या श्रेणीने सूर्याचे देऊळ बांधले, पुढे त्याचा जीर्णोद्धार केला, आणि तिच्यातले काही जण नव्या गावात धनुर्विद्येकडे तर काही ज्योतिषाकडे वळले, असे तो लेख सांगतो. पाटणच्या पटोळ्याचे विणकर साळवी हे मूळचे जालन्याचे असून बाराव्या शतकात सोळंकी राजा कुमारपाल याने त्यांना पाटणला नेले, अशी त्या समाजातली परंपरा आहे. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतून दक्षिणेकडे सरकलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव आणि भिवंडी ही गावे मागांची केली, तर तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने सोलापूरला तेच केले. यांतल्या प्रत्येक वेळी विणकर आश्रयदात्याच्या किंवा बाजाराच्या दिशेने गेला. मागे राहिलेल्या मुलखाशी त्याचा व्यवहार कमी झाला असेल, पण तो बेकायदा ठरला नाही. फाळणीने हा फरक केला. तिने माणसे हलवली, आणि हललेल्या माणसांच्या पाठीमागचा रस्ताही बंद केला.

तिचा पहिला घाव कच्चा माल आणि यंत्र यांच्यामध्ये बसला. लांब धाग्याचा उत्तम कापूस पिकवणारे सिंध आणि पश्चिम पंजाबचे कालव्यांचे प्रदेश पाकिस्तानात गेले आणि त्या कापसावर चालणाऱ्या मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या भारतात राहिल्या. पूर्व बंगालमध्ये तागाची शेते होती, पण तागाची गिरणी एकही नव्हती, कारण त्या सगळ्या हुगळीच्या काठी होत्या. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले आणि पाकिस्तानने ते केले नाही, तेव्हा दोन्ही देशांतील व्यापार जवळपास ठप्प झाला. पुढे दोन्ही बाजूंनी आपापली उणीव भरून काढली. पाकिस्तानने नारायणगंजला आदमजी ताग-गिरणी उभी केली आणि भारताने कापूस व ताग यांची लागवड वाढवली. गिरणीचा प्रश्न असा पैशाने आणि धोरणाने सुटू शकतो. हाताच्या कापडाचा तसा सुटत नाही, आणि यापुढील विवेचन त्याच्याविषयी आहे.

पंजाबची फुलकारी हे पाहण्यासाठी सोयीचे उदाहरण आहे, कारण ती मुळात विकण्यासाठी नव्हतीच. मंजिष्ठेने लाल-तपकिरी रंगवलेल्या हातविणीच्या जाड खादीवर, पीळ न दिलेल्या रेशमाने, कापडाची उलटी बाजू समोर धरून, उभे-आडवे धागे मोजत रफूसारखा टाका घालायचा, ही तिची रीत. आणि खालची खादी दिसेनाशी होईल इतके भरगच्च भरतकाम झाले की त्या वस्त्राला 'बाग' म्हणत. नातू जन्मला की आजीने त्याच्या पुढेमागे येणाऱ्या वधूसाठी 'वरी दा बाग' भरायला घ्यावा आणि मुलीच्या लग्नासाठी आजोळहून 'चोप' यावा, असा रिवाज होता. ज्या मुलीचा अजून जन्मही झालेला नाही तिच्यासाठी वर्षानुवर्षे टाका घालणाऱ्या बाईला बाजार ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अमृतसरच्या जुन्या टाउन हॉलमध्ये २०१७ साली सुरू झालेल्या फाळणी संग्रहालयात फुलकारीचा एक कोट ठेवलेला आहे. घर सोडताना एका तरुणीने तो बरोबर घेतला होता, आणि तिचा वाग्दत्त वर तिला पुढे अमृतसरच्या निर्वासित छावणीत भेटला. वाचलेल्या वस्तू अशा मोजक्याच. बाकीचे बाग घरांबरोबर गेले किंवा पहिल्या एकदोन वर्षांत पोटासाठी विकले गेले.

निर्वासित स्त्रियांना काम देण्यासाठी कमलादेवी चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहकारी चळवळीतून जे प्रयत्न केले, त्यांत भरतकाम अग्रभागी होते, आणि पतियाळ्याच्या त्रिपडी वस्तीत, बहावलपूरकडून आलेल्या कुटुंबांमध्ये, फुलकारी आजही चालते. मात्र ती आता प्रामुख्याने जॉर्जेट आणि शिफॉन यांच्या दुपट्ट्यांवर चालते. या कापडांचे धागे डोळ्यांना मोजता येत नाहीत. त्यामुळे नक्षी आधी छापून घ्यावी लागते, टाका सरळ बाजूने पडतो, आणि जिच्या डोक्यात हिशेब होता ती बाई छापलेल्या रेषेमागून जाणारी कामगार होते. यात सगळे खापर फाळणीवर फोडणे योग्य होणार नाही. फुलकारीला बाजाराची ओढ लागल्याची तक्रार फ्लोरा अ‍ॅनी स्टील या इंग्रज लेखिकेने १८८८ मध्येच केली होती. फाळणीने ती ओढ ऐच्छिक राहू दिली नाही, एवढेच.

कच्छ आणि सिंध यांच्यातील रेषा पंजाबातल्या रेषेपेक्षा अधिक सावकाश बंद झाली, आणि म्हणून तिथला बदल टप्प्याटप्प्याने पाहता येतो. अजरख हे निळ्या आणि लाल रंगांतले, ठशांनी छापलेले सुती वस्त्र. त्याच्या नावाचा संबंध निळ्या रंगाच्या 'अझरक' या अरबी शब्दाशी जोडतात. 'आज रख', म्हणजे आज राहू दे, उद्या बघू, अशी लोकव्युत्पत्तीही कारागीर हसत सांगतात, आणि चौदा-सोळा टप्प्यांच्या त्या कामाला ती शोभते खरी. मोहेंजोदडोच्या तथाकथित पुरोहित-राजाच्या अंगावरील तीनपाकळी नक्षी म्हणजे अजरखच, हा दावा दोन्ही देशांत आवडीने केला जातो, मात्र मधल्या काही हजार वर्षांचा सांधा त्यात जुळवलेला नसतो. कच्छच्या खत्री समाजाची परंपरा अशी की त्यांच्या पूर्वजांना सोळाव्या शतकात राव भारमल पहिला याने सिंधमधून बोलावले, आणि त्यांनी धमडका हे गाव निवडले ते तिथल्या नदीच्या वाहत्या पाण्यासाठी.

पाण्याचे महत्त्व समजण्यासाठी रंगाईची रीत थोडी जवळून पाहावी लागते. कापड प्रथम एरंडेल, खार आणि उंटाच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मुरवून धुतात, म्हणजे सुताचा तेलकटपणा आणि खळ निघून ते रंग पिऊ लागते. मग हिरड्याच्या पाण्यातून काढून त्यावर चुना आणि डिंक यांच्या लापशीने रेषा छापतात; जिथे ही लापशी बसते तिथे पुढचा रंग चढत नाही आणि पांढरी रेघ उरते. गंजलेले लोखंड आणि गूळ दिवसेंदिवस आंबवून केलेले पाणी हिरड्याशी भेटून काळे होते, तुरटी लावलेला भाग मंजिष्ठेत उकळल्यावर लाल होतो, आणि नीळ उरलेल्या जागेवर. तुरटी आणि लोह ही येथे रंगबंधके आहेत, म्हणजे रंग धाग्याला धरून ठेवणारी आणि त्याची छटा ठरवणारी द्रव्ये. साहजिकच पाण्यातच लोह आले की लाल मळकट होतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्याचे नेमके हेच झाले, आणि खत्रींपैकी अनेक कुटुंबांनी भुजजवळ जमीन घेऊन अजरखपूर हे नवे गाव वसवले. ज्या कारणासाठी पूर्वज आले त्याच कारणासाठी वंशज उठले. या विस्थापनाला राजकारण लागले नाही.

गिऱ्हाईक मात्र राजकारणाने तोडले. कच्छमध्ये अजरखचा वापर करणारे मुख्यतः बन्नीच्या गवताळ भागातले मालधारी, म्हणजे गुरे पाळणारे पुरुष, होते. डोक्याला, खांद्यावर, कमरेला तेच वस्त्र असे. दोन्ही बाजूंनी छापलेल्या अजरखला 'बिपुरी' म्हणतात, आणि मालधारी पहाटेच्या अंधारात उठतो, त्याला सुलट-उलट पाहायला लागू नये म्हणून ती पद्धत पडली, असे सांगितले जाते. या लोकांची गुरे दुष्काळात सिंधकडे जात आणि सोयरिकी, जत्रा, बाजार कच्छच्या रणाच्या दोन्ही अंगांना पसरलेले होते. १९४७ नंतरही ही ये-जा काही काळ टिकली. १९६५ च्या एप्रिलमध्ये रणात लढाई झाली, आणि १९६८ च्या लवादाच्या निवाड्याने छाड बेट ही चराईची जागा पाकिस्तानकडे गेली. याच काळात स्वस्त छापील गिरणीचे कापड आणि रासायनिक रंग गावोगाव पोहोचले. सत्तरच्या दशकात मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी नैसर्गिक रंगांकडे परत वळण्याचा जो निर्णय घेतला, त्याला मालधाऱ्याचा आधार उरलेला नव्हता; त्याला आधार मिळाला तो 'गुर्जरी'सारख्या सरकारी विक्रीसंस्थेचा आणि शहरांतील नव्या अभिरुचीचा. त्यांचे पुत्र इस्माईल मोहम्मद खत्री यांना पुढे इंग्लंडच्या डी माँटफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. आज मुंबई-पुण्यातील हातमागाच्या प्रदर्शनांत अजरख प्रामुख्याने साडी, दुपट्टा आणि कुर्त्याचे कापड म्हणून विकले जाते. गुराख्याच्या खांद्यावरचे पुरुषी वस्त्र दोन पिढ्यांत शहरी सुशिक्षित स्त्रीचे वस्त्र झाले, आणि ठसे मात्र बहुतांशी तेच राहिले.

पलीकडच्या सिंधमध्ये, हाला, मटियारी, भिट शाह या भागांत, त्याच वस्त्राला उलटी वाट मिळाली. तिथे ते घरोघर होतेच. १९५५ मध्ये पश्चिम पाकिस्तानचे सर्व प्रांत मोडून एकच प्रांत केला गेला आणि सिंधचे नावच पंधरा वर्षे नकाशावरून पुसले गेले, तेव्हा अजरख हे सिंधीपणाचे निशाण बनत गेले. २००९ पासून तिथे डिसेंबरमध्ये सिंधी टोपी आणि अजरख यांचा दिवस साजरा होतो. अशा दिवशी लाखो खांद्यांवर दिसणारे कापड अर्थातच सोळा टप्प्यांचे नसते; बरेचसे जाळीच्या चौकटीतून रासायनिक रंगाने छापलेले असते. सरहद्दीच्या अलीकडे कारागिरी वाचली आणि अर्थ आटला, पलीकडे अर्थ फुगला आणि कारागिरी आटली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो, कारण सिंधमध्येही हाताने छापणारे आहेत आणि कच्छमध्येही नकलेचा बाजार मोठा आहे.

सिंध-कच्छ सरहद्दीवरचा दुसरा धडा सूफ या भरतकामाचा आहे. सूफ हा थरपारकरच्या सोढा राजपूत आणि मेघवाळ स्त्रियांचा टाका. त्यात आधी काही रेखाटत नाहीत. बाई कापडाची उलटी बाजू समोर धरते, ताण्याचे आणि बाण्याचे धागे मोजते, आणि सुलट बाजूवर त्रिकोणांमागून त्रिकोण उमटत जाऊन त्यांचा मोर, वेल किंवा चौफुला तयार होतो. एक धागा चुकला तर चूक ओळभर पसरते आणि टाके उसवत मागे यावे लागते. सोढा राजपुतांना आपल्या कुळात लग्न वर्ज्य असल्याने मुली बाहेर द्याव्या लागत, आणि कच्छच्या जाडेजांसह अनेक घराण्यांत त्या सुना म्हणून जात. भरतकाम हुंड्यात त्यांच्याबरोबर जाई. सोयरिकीचा रस्ता होता तोच टाक्याचाही होता. डिसेंबर १९७१ मध्ये भारतीय सैन्य छाछरो आणि नगरपारकरपर्यंत गेले, सिमला करारानंतर तो मुलूख परत दिला गेला, आणि त्या दरम्यान हजारो हिंदू कुटुंबे कच्छ, बनासकांठा आणि बाडमेरकडे आली. छावण्यांतल्या त्या पहिल्या काळात पेटीतली जुनी भरतकामे व्यापाऱ्यांना विकली गेली. ज्या पेट्यांवरून मुलींनी टाका उचलायचा, त्या रिकाम्या झाल्या.

या तुटलेल्या दुव्यावर पुढे संस्थांचे काम उभे राहिले. मुंबईच्या चंदाबेन श्रॉफ यांनी १९६९ च्या दुष्काळातच 'श्रुजन'चे काम सुरू केले होते. १९९३ मध्ये सुमरासर येथे जूडी फ्रेटर या अमेरिकन अभ्यासिकेच्या पुढाकाराने 'कला रक्षा' संस्था स्थापन झाली आणि तिने जुन्या नमुन्यांचा संग्रह गावातच ठेवला, म्हणजे रिकाम्या पेटीची जागा संग्रहालयाच्या कपाटाने घेतली. त्याची किंमत मोठी आहे, पण पेटी आणि कपाट यांत भेद राहतोच. पेटीतले कापड नात्याने दिले-घेतले जाई आणि त्याला भाव नसे. कपाटातल्या नमुन्यावरून केलेल्या पिशवीला तासांचा हिशेब असतो. तो हिशेब कारागीर स्त्रीच्या हिताचाच आहे, आणि पूर्वी तिचे श्रम 'कौतुक' म्हणून फुकट जात होते हे विसरून जुन्या काळाबद्दल उसासे टाकणे बरे नव्हे.

बंगालमध्ये हा सगळा प्रश्न वस्त्रापेक्षा त्याच्या नावाभोवती एकवटला. आजच्या बांगलादेशातील टांगाइल परिसरातले बसाक हे हिंदू विणकर तलम सुती साड्या विणत. सुताला भाताच्या लाह्यांची खळ देत, आणि मुख्य धाग्यांखेरीज जादा आडवा धागा घालून बुट्टे काढत. या साडीचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे बंगाली मध्यमवर्गीय हिंदू स्त्री. फाळणीनंतर हा वर्ग मोठ्या प्रमाणावर कोलकात्याकडे सरकला, आणि बसाकही टप्प्याटप्प्याने नदिया जिल्ह्यातील फुलिया आणि बर्दवानमधील काही गावांत आले. १९७१ च्या युद्धाने आणखी भर पडली. धर्माच्या भीतीने विणकर निघाला हे खरे असले, तरी त्याचे गिऱ्हाईक आधीच निघून गेले होते हेही तितकेच खरे आहे. फुलियात खळही आली, बुट्टेही आले, आणि साडीचे नाव 'टांगाइल' हेच राहिले. तिकडे टांगाइलमध्येही माग थांबले नाहीत; मागे राहिलेले बसाक आणि त्यांच्याकडून शिकलेले मुसलमान विणकर यांच्या साडीला १९८० च्या दशकात ढाक्याच्या बेली रोडवरील 'टांगाइल शाडी कुटीर'सारख्या दुकानांनी नवे शहरी गिऱ्हाईक मिळवून दिले.

जवळपास पाऊण शतक या दोन साड्या एकाच नावाने सुखेनैव नांदल्या. जानेवारी २०२४ मध्ये भारतात 'टांगाइल साडी ऑफ बंगाल' या नावाने भौगोलिक निर्देशांकाची, म्हणजे एखाद्या वस्तूचे नाव विशिष्ट भूभागातील उत्पादकांसाठी राखून ठेवणारी, नोंदणी झाली, आणि पुढच्याच महिन्यात बांगलादेशाने घाईने आपली नोंदणी केली. भारत सरकारच्या एका खात्याने ही साडी पश्चिम बंगालमध्ये उगम पावल्याचे समाजमाध्यमावर लिहिल्याने ढाक्यात संताप उसळला होता. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न अवघड आहे. भौगोलिक निर्देशांक वस्तूचा गुण भूमीशी बांधतो. निर्वासित विणकराची सगळी ओळख ज्या भूमीवर तो राहत नाही तिच्याशी बांधलेली असते. टांगाइल हे गाव बांगलादेशात आहे याबद्दल वाद नाही, आणि फुलियाच्या विणकराने साडीला दुसरे नाव द्यावे म्हणणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा घराबाहेर काढण्यासारखे आहे. आक्षेप घ्यायचाच तर तो उगमाच्या विधानावर घ्यावा. त्या विधानाने विणकराची फरफटच पुसून टाकली.

याच बंगालमधले उलट्या दिशेचे स्थलांतर फारसे बोलले जात नाही. बनारसहून १९४७ नंतर पूर्व पाकिस्तानात गेलेले मुसलमान विणकर ढाक्याजवळ मिरपूरला स्थिरावले आणि तिथे बनारसी शालूचे माग घातले. उर्दू बोलणारे म्हणून त्यांची गणना 'बिहारीं'मध्ये झाली. १९७१ नंतर पाकिस्तानधार्जिणे ठरून हा समाज छावण्यांत अडकला, आणि २००८ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने त्याला बांगलादेशाचे नागरिकत्व मिळेपर्यंत त्याच्यातील पुष्कळांना कोणताच देश नव्हता. या साऱ्या काळात बंगाली वधू लग्नात बनारसीच नेसत राहिली, हिंदू असो वा मुसलमान, आणि मिरपूरची बनारसी पल्ली हा त्या खरेदीचा नेहमीचा बाजार होता. ज्यांना मतदानाचा हक्क नव्हता त्यांच्या हातचे वस्त्र देशातल्या लग्नांच्या छायाचित्रांत मध्यभागी होते. येथे गिऱ्हाईक तुटले नाही म्हणून परंपरा टिकली. तिला आता धोका आहे तो सुरत आणि बनारसच्या यंत्रमागांवरून येणाऱ्या स्वस्त साड्यांचा.

फुलियात नव्वदीच्या सुमारास बसाकांच्या मागांवर उत्तर बंगालमधून, विशेषतः कूचबिहारकडून, आलेले तरुण मजुरीवर बसू लागले होते. त्यांचे आईबाप टांगाइलचे नव्हते, आणि त्यांच्यापैकी बरेच जण विणकर जातीचेही नव्हते. त्यांनी फणी कशी भरायची, लाह्यांची खळ किती घट्ट असावी आणि बुट्ट्याचा धागा कोठे सोडायचा हे बसाक मालकाच्या शेजारी बसून शिकून घेतले. काही वर्षांनी त्यांच्यातले कित्येक गावी परतले आणि तिथेच माग घालून बसले. कूचबिहारच्या त्या मागांवरून उतरणाऱ्या साडीलाही व्यापारी टांगाइलच म्हणतो.